हवा काढा, कुलूप लावा, लांब ठेवा

रोह्याचे भावोजी दाराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे. ओढून सगळेच बघतात. भावोजी कुलपाला लोंबकळायचे. दोन्ही हातांनी ते धरून, पाय उंबऱ्याला टेकवून, सगळ्या अंगाचं वजन टाकायचे. मग चार पावलं पुढे जाऊन परत यायचे आणि पुन्हा लोंबकळायचे. माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, पिशवी घेऊन अंगणात उभी. त्या कुलपापायी ताईने आयुष्यात किती गाड्या चुकवल्या, ते रोहा स्टेशनलाच ठाऊक.

त्यांच्या किल्ल्यांची व्यवस्थाही ऐकण्यासारखी होती. एक किल्ली स्वतःच्या करदोट्याला. दुसरी शेजारच्या मास्तरांकडे. तिसरी पेणजवळ जोह्याला आमच्या घरी, कारण म्हणे आग लागली, पूर आला, तर रोह्यातल्या दोन्ही किल्ल्या एकदम जातील. घरच गेलं तर किल्लीचं काय लोणचं घालायचं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. ही तिसरी किल्ली त्यांनी आम्हाला पत्र्याच्या एका डबीत घालून दिली. डबीला इवलंसं कुलूप होतं. या कुलपाची किल्ली कुठे, म्हटल्यावर म्हणाले, "माझ्याकडं. तुमच्याकडं दिली तर मग ती सुरक्षित कशी ऱ्हायची?" ती डबी अजून माझ्या देव्हाऱ्याखाली पडून आहे. हलवली की आत किल्ली वाजते.

कुलपाखालोखाल त्यांना वेड होतं ते हवा काढायचं. सामानातली हवा. कुठल्याही वस्तूत निम्मी वस्तू असते आणि निम्मी हवा, हा त्यांचा सिद्धांत. शर्ट गुंडाळायचे, सुतळीने आवळायचे, पिशवीत कोंबायचे आणि वर बसायचे. चार दिवसांच्या मुक्कामाला हा माणूस जेवणाच्या डब्याएवढी पिशवी घेऊन यायचा आणि दारातच ती उंच धरून दाखवायचा. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला आले तेव्हा पिशवीतून जो कोट निघाला, तो सुकवलेल्या बोंबलासारखा होता. तोच घालून फोटोत मधोमध उभे राहिले. ताईने शेजारी उभं राहायला नकार दिला.

या दोन वेडांत तिसरं मिसळलं की भावोजींचा मंत्र तयार व्हायचा: "हवा काढा, कुलूप लावा, लांब ठेवा." हा मंत्र त्यांना रोह्याच्या कंपनीत मिळाला होता. तिथे ते कंप्युटर खात्यात होते. खातं म्हणजे दोन साहेब आणि हे. दिवसभरात कंपनीचा जो काही हिशेबबिशेब कंप्युटरात जमायचा, तो शिफ्ट संपताना टेपवर उतरवून दुसऱ्या इमारतीतल्या लोखंडी कपाटात नेऊन ठेवायचा, हे यांचं काम. कपाट बंद करायचं आणि घरी जायचं. पण सांगायचे असं, की जणू सगळी कंपनी रोज संध्याकाळी यांच्या काखेत बसून रस्ता ओलांडायची.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताला कपाट राहिलं नाही, मग त्यांनी जगाचा पिच्छा पुरवला. लग्नाला गेले की नवरा-नवरीला आहेराआधी विचारणार, "फोटोंची कॉपी कुठं ठेवणार?" कुणाचा फोन पाण्यात पडला म्हटलं की यांचा चेहरा खुलायचा. आमच्या नात्यातली एक म्हातारी वारली तेव्हा तिच्या मुलाला भेटायला गेले, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "आयेचे फोटो एकाच फोनात हायत? मग तेही गेलेच म्हण." त्या मुलाने रडं थांबवून यांना बाहेरचा रस्ता दाखवला. भावोजींना त्यात स्वतःचं काही चुकलं असं वाटलं नाही. "सांगितलेलं आवडत नाय लोकांना," एवढंच म्हणाले.

आता आमच्याकडे वळते. जोह्याला आमचा गणपतींचा कारखाना. कारखाना म्हणायची रीत, एरवी ती पत्र्याची लांब शेड आहे आणि मागे भातखाचरं. माझा नवरा मूर्तिकार. लिहिताना वसंत लिहिते, तोंडावर अहोच म्हणते. आमचा धंदा जगावेगळा. वस्तू करायची ती बुडवण्यासाठी. वसंत मातीची मूळ मूर्ती घडवणार, तिच्यावरून रबराचा साचा निघणार, साचा काढताना मूळ मूर्ती मोडणार. साच्यातून निघालेल्या मूर्ती गावोगाव जाऊन अनंत चतुर्दशीपर्यंत पाण्यात. काही हंगामांनी साचाही झिजतो, सोंडेच्या वळ्या बोथट होतात, आणि मग वसंतच्या हाताने काय केलं होतं, हे सांगायला जगात काहीच उरत नाही. भावोजी नेमकं याच्यावर बोट ठेवायचे. "वसंता, तुझा चिखल एका पावसाचा," असं दर भेटीत म्हणायचे. वसंत हसायचा. मला चीड यायची. ज्याने जन्मात पोळीच्या कणकेचा उंदीर केला नाही, त्याने बोलावं!

मग वसंतचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप वाजायचा, मग कोरणी घसरायला लागली. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही. त्या वर्षी वसंतने शेवटची मूळ मूर्ती घडवली. पाऊण वर्ष लागलं. उजवा हात डाव्या हाताने धरून काम करायचा. लोडाला टेकून बसलेला गणपती, मान किंचित कलती, आणि एक कान थोडा पुढे आलेला, समोरचा काहीतरी सांगतोय आणि हा मन लावून ऐकतोय असा. आम्ही त्याला 'ऐकणारा' म्हणायला लागलो. गिऱ्हाइकं यायची आणि त्याच्यासमोर बोलताना आवाज खाली आणायची. असा गणपती वसंतच्या हातून पुन्हा होणार नव्हता. हे त्यालाही माहीत होतं, मलाही, आणि आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नव्हतो.

पनवेलहून एका माणसाला बोलावून आम्ही 'ऐकणारा' आणि साच्यांतून काढलेल्या जुन्या मूर्तींचं स्कॅनिंग करून घेतलं. तो माणूस मूर्तीभोवती यंत्र फिरवायचा आणि मूर्ती जशीच्या तशी कंप्युटरात उतरायची. त्या फायलीवरून केव्हाही नवी मूळ मूर्ती करून घेता येते, लहान-मोठी हवी तशी, आणि तिच्यावरून नवा साचा. म्हणजे आता साचा झिजला तरी चालेल. वसंतचा हात त्या कंप्युटरात होता.

भावोजींना वास लागायला कितीसा वेळ! पुढच्याच आठवड्यात पिशवी घेऊन हजर. चपला काढायच्या आधी विचारलं, "कॉपी कुठाय?"

"कंप्युटरात हाय की," वसंत म्हणाला.

"म्हणजे एकाच जागी. म्हणजे नायच."

दोन दिवस ते आमच्या कंप्युटरसमोर ठाण मांडून बसले. रोह्याच्या घरी माळ्यावर त्यांनी एक काळा डबा बसवला होता, हिरवा दिवा लुकलुकणारा. रोज संध्याकाळी आमच्या कंप्युटरातल्या मूर्ती आपोआप आधी दाबून लहान व्हायच्या, ही हवा काढणं. मग त्यांचा असा घोळ केला जायचा की वाटेत कुणी उचलल्या तरी त्याला नुसतं भुसकट दिसावं. पासवर्ड घातला तरच भुसकटाची पुन्हा मूर्ती. हे कुलूप. मग इंटरनेटवरून ते सगळं रोह्याच्या डब्यात. हे लांब ठेवणं. पासवर्ड फक्त भावोजींना ठाऊक. तो घालताना त्यांनी आम्हा दोघांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आमच्याच घरात, आमच्याच मूर्तींसाठी.

काम झालं आणि त्यांचा आनंद गगनात मावेना. "बघ गो सुमन," मला पडद्यावरचा आकडा दाखवत म्हणाले, "म्हशीएवढं होतं, त्याचं गोचिडीएवढं केलंय. तुझा आख्खा कारखाना माझ्या चिमटीत. कंपनीतल्या साहेबांनापण एवढी हवा काढायला जमली नाय."

मला कंप्युटरातलं कळत नाही. पण आमच्या कारखान्यात एक रीत आहे. साचा कितीही चांगला निघालेला असो, त्यातून एक मूर्ती काढून बघितल्याशिवाय तो माळ्यावर चढत नाही. म्हणून मी म्हटलं, "भावोजी, त्या डब्यातून एक मूर्ती परत काढून दाखवा की."

"कशाला?"

"निघते का बघायला."

"लावलेलं कुलूप उघडून बघतो तो अडाणी," भावोजी म्हणाले. "कुलूप ओढून बघायचं असतं, उघडून नाय." आणि दर सणावाराला भेटले की त्या चिमटीचं कौतुक सुरू. लग्नात, बारशात, एकदा तर कीर्तनात, मागच्या रांगेत बसून. बुवांनी निरूपण थांबवलं होतं.

आणखी एक सांगायचं म्हणजे त्यांचे गणपती. दरवर्षी आमच्याकडून रोह्याला मूर्ती जायची, आणि भावोजी एक नाही, दोन न्यायचे. "रस्त्यात एखादी खंडित झाली तर?" हे कारण. पहिली रंगवून, डोळ्यांची आखणी करून. दुसरीला मात्र रंगही नको, डोळेही नकोत म्हणायचे. "उगाच रंग कशाला वाया?" आमच्याकडे आखणी हे सगळ्यात नाजूक काम, डोळे काढले की मूर्तीचा देव होतो, आणि हा गृहस्थ रंग वाचवायला निघालेला! एवढी वर्षं गेली, एकही मूर्ती रस्त्यात खंडित झाली नाही, तरी यांचं दुसरीचं टुमणं सुटलं नाही. फुकटची आहे म्हणून नेतात आणि कुणाला तरी देऊन मोठेपणा मिरवतात, असं मी वसंतला कितीदा म्हटलं असेल.

असाच एक परतीचा पाऊस. दुपारची वेळ, आम्ही जेवायला घरी आलो होतो. वीज कडाडली ती कारखान्यामागच्या खांबावरच. शेडमधले दिवे फुटले, पंखा जळला आणि कंप्युटरातून धूर निघाला. पेणला नेऊन दाखवला. दुरुस्तीवाल्याने आतली डिस्क काढून हातात दिली, "यातून आता काय निघायचं नाय." पनवेलच्या माणसाला फोन केला, तर तो हा धंदा सोडून गावी गेलेला, त्याच्याकडे काही नव्हतं. 'ऐकणाऱ्या'चा साचा त्या हंगामातच टाकाऊ झाला होता, कान पुसट येत होता. नवा साचा करायचा म्हणूनच आम्ही ती फाईल उघडणार होतो.

वसंत दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "अहो, चला रोह्याला. एवढी वर्षं त्या माणसाची बडबड ऐकून घेतली, आज वसूल होऊदे."

भावोजींनी आमचं स्वागत असं केलं जसं काही वीज त्यांनीच पाडली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता, सुरकुत्यांशिवायचा. ताईला चहा ठेवायला सांगितलं. "मी काय म्हणत होतो? चिखल जातो, यंत्र जातं. ऱ्हातं काय?" वसंत खुर्चीत बसला आणि हात गुडघ्यांवर दाबून धरले. भावोजींनी आम्हाला भिंतीकडे वळायला लावलं, पासवर्ड घातला आणि "हां, बघा," म्हणाले.

आम्ही वळलो. पडद्यावर सगळ्या मूर्तींची नावं ओळीने. 'ऐकणारा' शेवटून दुसरा. वसंतने श्वास सोडलेला मला ऐकू आला. भावोजींनी ऐटीत त्याच्यावर टकटक केलं. फाईल सापडत नाही, असं काहीसं आलं. पुन्हा टकटक. पुन्हा तेच. दुसऱ्या नावावर केलं, तिसऱ्यावर केलं. माऊसला दोष दिला, माऊस बदलला. विजेचा दाब कमी आहे म्हणाले, पंखा बंद केला. घाम यायला लागला तसे शर्टाचं बटण सोडलं.

"ऐकणारा तरी?" वसंतने विचारलं.

 भावोजी पडद्याकडे वाकले आणि प्रत्येक नावाशेजारचा एक लहानसा वाकडा बाण बघत राहिले. मला नंतर एकाने समजावलं. पनवेलच्या माणसाने खऱ्या फायली कंप्युटरात आत कुठेतरी ठेवल्या होत्या, आणि आम्हाला सापडायला सोपं म्हणून पडद्यावर नुसती नावं लावून दिली होती. नावावर टकटक केलं की आतली फाईल उघडायची. दारावर पाटी असते तसं. भावोजींनी पाट्या उचलल्या. पाट्यांची हवा काढली, पाट्यांना कुलूप घातलं, आणि रोज संध्याकाळी न चुकता पाट्या रोह्याला नेल्या. म्हशीची गोचीड झाली नव्हती. म्हैस त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

माझ्या तोंडाला आवर राहिला नाही. एवढ्या वर्षांचं सगळं बाहेर पडलं. साखरपुड्यातला कोट, कीर्तन, भिंतीकडे उभं करणं, सगळं काढलं. "एक दिवस, भावोजी, एक दिवस उघडून बघितलं असतंत तर तुमची काय किंमत कमी झाली असती? या माणसाचा हात गेला, आता त्याने केलेलंही गेलं. तुमच्या कुलपाला काय जाळायचं?"

 भावोजी खाली बघून बसले. कुलूप उघडं पडलेल्या दारासारखे दिसत होते, आणि मला त्यांची दया आली नाही.

ताई चहा घेऊन आली ती दारातच थांबली होती. म्हणाली, "सुमे, ते माळ्यावरचे गणपती चालायचे नायत का गो?"

"कुठले गणपती?"

"त्यांचं इथं काय काम?" भावोजी एकदम म्हणाले. "आपलं फायलींचं चाललंय."

"बिनडोळ्यांचे. तुमच्याकडून आणतात ते दुसरे. सगळे वरच हायत की. एक म्हणून कुणाला दिला नाय."

मी शिडी लावली आणि पदर खोचून चढले. काळा डबा तिथे हिरवा दिवा लुकलुकत बसला होता. त्याच्या मागे, भाताच्या कणगीला लागून, गाठोडी. जुन्या धोतरांत गुंडाळलेली, आत पेंढा, वरून सुतळी. किती, ते मी मोजलं नाही. मी एकेक खाली देत गेले आणि ताई सोडत गेली. वसंतचं तरुणपणापासूनचं सगळं काम त्या ओटीवर मांडलं गेलं, पांढरं, रंग नसलेलं, डोळे नसलेलं. उभे, बसलेले, सिंहासनावरचे. काही तर वसंत स्वतःही विसरला होता. एक उचलून म्हणाला, "हा मी केलाय?"

"दर पितृपंधरवड्यात हे सगळे खाली काढतात," ताई सांगत होती, "एकेकाला सोडायचं, फुंकर मारायची, कुठं चीर गेली का बघायची, परत बांधायचं. दोन दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते. मला हात लावून देत नायत."

ज्याला कुलूप नव्हतं ते या माणसाने दरवर्षी उघडून बघितलं, आणि ज्याला लावलं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. याला काय म्हणावं?

'ऐकणारा' शेवटच्या गाठोड्यात निघाला. मान कलती, कान पुढे. मोदक धरलेल्या हाताचं एक बोट तेवढं मोडलं होतं, कारण सुतळी आवळताना यांनी गणपतीचीही हवा काढली होती. वसंतने तो मांडीवर घेतला. थरथरता अंगठा कानाच्या कडेवरून फिरवला, पुन्हा फिरवला.

"कान शाबूत हाय," तो म्हणाला.

मला रडू फुटलं. भावोजींसमोर रडायची वेळ यावी याचाही राग आला, आणि तसंच रडत मी विचारलं, "का ठेवलेत हो हे?"

"कॉपी ठेवायला कारण लागत नाय. न ठेवायला लागतं." माझ्याकडे न बघता म्हणाले, "डोळे काढले की ती आपल्याकडं बघते. मग बुडवायलाच लागते. यांनी मला अजून बघितलेलं नाय."

एवढं झाल्यावर माणूस बदलेल असं तुम्हाला वाटेल. छे! आम्ही 'ऐकणाऱ्या'ची मूर्ती घेऊन निघालो तर स्टेशनपर्यंत मागे आले. "स्कॅन झालं की परत पाठवा. माझी कॉपी हाय ती." नव्या साच्यातून नवी काढून देते म्हटलं तर नको. तीच, मोडक्या बोटाची. आणि परत नेली तेव्हाच गप्प बसले. माळ्यावरच्या बाकी मूर्तींचंही स्कॅनिंग होऊन नवीन कंप्युटर आल्यावर पुन्हा पिशवी घेऊन हजर झाले, आणि या वेळी पाट्या नाही, खऱ्या फायली शोधून काढल्या. त्या दाबायला घेतल्या तर जेमतेम चिमूटभर कमी झाल्या. रोह्याला पोचायला कित्येक दिवस लागले. भावोजी पडद्यासमोर हनुवटीला हात लावून बसले होते. "यांच्यात हवाच नाय गो," मला म्हणाले. वसंतच्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला तेवढाच काय तो चांगला शब्द. या वेळी एक मूर्ती डब्यातून परत काढूनही दाखवली. अर्थात भिंतीकडे उभं करून.

भावोजी गेले त्याला आता काही वर्षं झाली. बसल्या जागी गेले, कुणाला काही न सांगता. त्यात पासवर्डही आला. माळ्यावरचा डबा आजही लुकलुकतो, रोज संध्याकाळी आमच्या मूर्ती तिकडे जातात, आणि तो डबा जगात कुणालाही उघडता येत नाही. जन्मभरात या माणसाने नीट लावलेलं ते एकच कुलूप. आम्ही पुष्कळ शब्द घालून बघितले. जन्मतारीख, कंपनी, गाव, मंत्र. ताईचं नाव घातलं, तेही नव्हतं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं. ती आठवडाभर त्यांच्या फोटोशी बोलली नाही. आम्ही मूर्तींची दुसरी सोय आता पेणला केली आहे. तिचा पासवर्ड मी, वसंत आणि मुलगी, तिघांना पाठ आहे.

पण ते गेले त्या वर्षीचं सांगायचं राहिलं. चतुर्थी तोंडावर आली होती. कारखान्यात उसंत नव्हती, टेम्पो दारात उभे, आखणीला बसलेल्या बायांची मान वर होत नव्हती. ताईकडे सुतक, तिथे गणपती बसणार नव्हता. मी 'ऐकणाऱ्यां'मधला एक उचलला आणि आखणीच्या रांगेतून बाजूला काढून ठेवला.

"हा कुणाचा गो?" वसंतने विचारलं.

"रोह्याचा."

"त्यांच्याकडं सुतक हाय ना?"

"म्हणून पहिला नाय काढला. हा दुसरा हाय."

वसंत कोपऱ्यातला पेंढा घेऊन आला आणि थरथरत्या हातांनी मूर्तीभोवती धरून बसला. मी धोतर गुंडाळलं, वरून सुतळी आवळली. फार नाही आवळली. बोट मोडतं.